रील बघून माणसं शोधायची: माझ्या धंद्याची पहिली तीन वर्षं

३० सप्टेंबर २०२२ हा माझ्या पगारी नोकरीचा शेवटचा दिवस. त्यानंतर मी एकटी, डोंबिवलीतल्या भाड्याच्या घरातून, व्हीएफएक्स (सिनेमा-मालिकांतली संगणकावर घडवलेली दृश्यं), ॲनिमेशन, जाहिरात आणि गेम या क्षेत्रांतल्या कंपन्यांना रील, म्हणजे स्वतःच्या निवडक कामाचा छोटा व्हिडिओ, बघून माणसं शोधून देते. सुरुवातीला विचारायचं कुणाला हेच कळत नव्हतं. भरतीच्या धंद्याबद्दल जे वाचायला मिळायचं ते सगळं आयटीचं. आणि आम्ही कला शाखेतून आलेली माणसं, शॉप अ‍ॅक्ट काय नि टीडीएस काय, कॉलेजात कुणी सांगितलेलं नसतं. गेल्या वर्षभरात पाच-सहा कोऑर्डिनेटर मुलींनी हेच प्रश्न विचारले, म्हणून तारखा आणि आकड्यांसकट लिहून ठेवते.

मी कोल्हापूरची. चित्रकार-दिग्दर्शक बाबूराव पेंटरांच्या गावात ‘पेंटर’ हा मानाचा शब्द आहे. आमच्या गल्लीत आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सगळे पेंटर म्हणूनच हाक मारायचे. दुकानांच्या पाट्या, दूध संस्थांचे बोर्ड, ट्रकच्या पाठीवरची अक्षरं, सगळं त्यांच्या हातचं. मी आठवीत असताना फ्लेक्सची मशीनं आली आणि दोन-तीन वर्षांत घरातले ब्रश डब्यात वाळून कडक झाले. आण्णांचा हात तसाच होता. त्या हाताला आणखी कुठे काम मिळू शकेल हे सांगणारं कुणी त्यांना भेटलं नाही, आणि शेवटी त्यांनी फाउंड्रीत स्टोअरकीपरची नोकरी धरली. मी हे काम का करते असं कुणी विचारलं तर मला हेच आठवतं.

एलिमेंटरी, इंटरमिजिएट, मग उपयोजित कलेची पदवी. २०१४ साली मोठं काळं फोल्डर काखेत घेऊन मुंबईत आले. लोअर परळ ते अंधेरी, तेवीस ठिकाणी पोर्टफोलिओ दिला. उत्तर दोघांकडून आलं. त्यातलं एक नकाराचं होतं, पण त्यात दोन ओळी लिहिलेल्या होत्या: अक्षरांवर हात चांगला आहे, मात्र सगळ्या कामांत कल्पना एकच दिसते. तो मेल मी अजून जपून ठेवलाय. जानेवारी २०१५ मध्ये अंधेरीच्या एका ॲनिमेशन स्टुडिओत प्रॉडक्शन कोऑर्डिनेटर म्हणून लागले. पगार १३,००० रुपये.

कोणता शॉट कुणाकडे आहे, कुठे अडलाय, क्लायंटच्या नोट्स कुणापर्यंत पोचल्या, हे सगळं कोऑर्डिनेटरनं सांभाळायचं असतं. संध्याकाळी डेलीज असायच्या. अंधाऱ्या खोलीत दिवसभरात झालेले शॉट मोठ्या पडद्यावर लागायचे, सुपरवायझर बोलायचे आणि मी टिपून घ्यायचे. साडेतीन वर्षं मी ते केलं आणि बघायला तिथे शिकले. आमचे कॉम्पचे, म्हणजे वेगवेगळी चित्रं एका शॉटमध्ये जोडणाऱ्या विभागाचे, सुपरवायझर मला सांगायचे, “आधी काळं बघ, मग कडा बघ, चेहरा सगळ्यात शेवटी.” म्हणजे पडद्याचा गॅमा वाढवून अंधारे भाग उजळायचे आणि बघायचं, की नंतर बसवलेल्या इमारतीतला काळा रंग आणि मूळ चित्रीकरणातला काळा रंग जुळतोय का. नवशिक्याच्या शॉटमध्ये अंधार दोन जातींचा असतो, तो लगेच उघडा पडतो. मग ग्रेन, म्हणजे चित्रातली रवाळ पोत: एका भागात आहे आणि दुसऱ्यात नाही, असं झालंय का. रोटोत, म्हणजे माणूस किंवा वस्तू चित्रातून फ्रेमगणिक कापून वेगळी काढण्यात, बाह्यरेषा थरथरते का, हात जोरात हलला तेव्हा मोशन ब्लर, म्हणजे हालचालीचा धूसरपणा, धरलाय का, केसांपाशी कात्री मारलीय की मेहनत घेतलीय. मॅचमूव्हमध्ये, म्हणजे खऱ्या कॅमेऱ्याची हालचाल संगणकात जुळवण्यात, जमिनीवर ठेवलेली वस्तू कॅमेरा फिरला की घसरते का. ॲनिमेशनमध्ये पात्र खुर्चीतून उठताना वजन कुठून कुठे जातं.

हे इतकं लांबण लावून सांगते आहे कारण या धंद्यात आपल्याकडे विकायला एवढंच आहे. रेझ्युमेवर ‘न्यूक’, ‘माया’, ‘हुडिनी’ ही सॉफ्टवेअरची नावं शोधून ढिगातून वीस कागद काढणं कुणालाही येतं. स्टुडिओला हवे असतात तीन, आणि ते तीन का, हे सांगणारं माणूस. या धंद्यात यायचं मनात असेल तर आधी किमान एक-दोन वर्षं प्रॉडक्शनच्या मजल्यावर काढा. जाहिरात एजन्सीचं असेल तर ट्रॅफिक (कोणतं काम कुणाकडे आहे ते सांभाळणारा विभाग) किंवा क्लायंट सर्व्हिसिंगमध्ये. हा टप्पा गाळू नका.

जून २०१८ मध्ये गोरेगावच्या एका व्हीएफएक्स स्टुडिओच्या भरती विभागात गेले. तिथे बाकीचं शिकले: सीटीसी, म्हणजे कंपनीला माणसावर पडणारा वर्षाचा एकूण खर्च, आणि हातात येणारा पगार यांतलं अंतर, साठ आणि नव्वद दिवसांचे नोटिस पिरियड, एका ऑफर लेटरला लागणाऱ्या चार सह्या, आणि ऑफर स्वीकारून जॉइनिंगच्या आदल्या रात्री फोन बंद करणारी माणसं. मार्च २०२० मध्ये शूटिंगं थांबली तशी भरतीही थांबली. २०२१ च्या मध्यापासून सगळं उलटं फिरलं. ओटीटीच्या कामाचा पूर आला आणि तीन वर्षांच्या अनुभवाचा कॉम्प आर्टिस्ट हातात तीन-तीन ऑफर घेऊन बसायला लागला. त्या गर्दीत एक गोष्ट लक्षात आली. मोठ्या स्टुडिओंकडे आमच्यासारखी दहा-दहा जणांची टीम होती. वीस-तीस माणसांच्या छोट्या स्टुडिओंत मात्र मालक स्वतः रात्री अकरा वाजता रील बघत बसायचे. आपलं गिऱ्हाईक हे, असं मी तेव्हा ठरवलं.

१ ऑगस्ट २०२२ ला राजीनामा दिला. दोन महिने नोटिस. शिल्लक ४ लाख २० हजार, घरभाडं ११,००० धरून सगळा खर्च महिन्याला ३२,००० च्या आसपास. गणपतीला घरी गेले तेव्हा आण्णांना सांगितलं.

“म्हंजे नेमकं काय करनार तू?”

“स्टुडिओला माणूस लागतो आण्णा, तो मी शोधून द्यायचा. माणूस रुजू झाला की स्टुडिओ मला पैसे देणार.”

“आन् त्या पोराकडनं?”

“त्याच्याकडून एक रुपया नाही घ्यायचा.”

“मग कर,” ते म्हणाले. “पोराकडनं घेनार असतीस तर नगं म्हटलो असतो.”

उमेदवाराकडून रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग, फॉर्म फी, कुठल्याही नावाखाली पैसे घ्यायचे नाहीत, हा नियम त्या दिवशी ठरला. हे वाचणाऱ्यांत नोकरी शोधणारी मुलं असतील तर त्यांनाही सांगते, नोकरी लावण्यासाठी तुमच्याकडे पैसे मागणाऱ्याशी पुढे बोलू नका.

ऑक्टोबर २०२२ कागदपत्रांत गेला. ३ तारखेला उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, केली. आधार आणि पॅन लागतं, अर्ध्या तासात होते आणि पूर्ण फुकट आहे. सरकारी साइटसारख्याच दिसणाऱ्या खाजगी साइट हजार-दोन हजार मागतात, तेव्हा पत्ता नीट बघून उघडा. व्यवसायाचा कोड मी ७८१०० निवडला, तो नोकरी मिळवून देणाऱ्या संस्थांचा. मग शॉप अ‍ॅक्ट. महाराष्ट्राच्या दुकानं-आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्यानुसार तेव्हा दहापेक्षा कमी माणसं असतील तर परवाना लागत नव्हता, ऑनलाइन सूचना देऊन तिची पावती घेतली की झालं. सरकारी शुल्क किरकोळ. मी एजंटाला विचारलं तर त्याने १,२०० सांगितले, मग स्वतःच भरलं. माझी पहिली सूचना परत आली, कारण सोबत मराठी पाटीचा फोटो नव्हता आणि माझ्याकडे पाटीच नव्हती. आण्णांना फोन केला. चार दिवसांनी एसटीच्या पार्सलने दीड फुटी पत्रा आला, निळ्यावर पांढरी अक्षरं, शिरोरेषा अशी की फूटपट्टी लावून बघावी. दारावर लावली, फोटो काढला, दुसऱ्या खेपेला पावती आली.

एकल मालकीच्या चालू खात्याला बँक धंद्याचे दोन पुरावे मागते. उद्यम आणि शॉप अ‍ॅक्टची पावती मिळून ते काम होतं. खातं उघडायला नऊ दिवस आणि किमान शिल्लक म्हणून १०,००० लागले. व्यवसाय कराचं पीटीईसी, म्हणजे नावनोंदणीचा दाखला, महाजीएसटीच्या साइटवर काढलं, वर्षाला २,५००. ते दरवर्षी जूनअखेर भरायचं असतं. मी दुसऱ्या वर्षी विसरले आणि व्याजासकट भरलं, तुम्ही कॅलेंडरवर लिहून ठेवा.

जीएसटीने मात्र दमवलं. सेवांना २० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी बंधनकारक नाही, त्यामुळे मला तिची गरज नाही असं मी धरून चालले होते. पण ज्या दोन स्टुडिओंशी बोलणं चालू होतं त्यांच्या व्हेंडर फॉर्ममध्ये जीएसटी क्रमांकाशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं. १४ नोव्हेंबरला अर्ज केला. २२ तारखेला खुलासा मागणारी नोटिस आली: भाडेकरारावर घरमालकांचं नाव आणि लाइट बिलावर त्यांच्या वारलेल्या वडिलांचं. उत्तराला कामाचे सात दिवस असतात. घरमालक त्या वेळी गुहागरला होते. त्यांच्या सहीचं ना हरकत पत्र, वडिलांचा मृत्यूचा दाखला आणि घरपट्टीची पावती असं सगळं जमवून सहाव्या दिवशी अपलोड केलं. त्या आठवड्यात मला झोप नव्हती. अर्ज फेटाळला तर पहिला क्लायंट जाईल, एवढंच डोक्यात होतं. ५ डिसेंबरला प्रमाणपत्र आलं. सीएचे २,५०० गेले, नोंदणीला सरकारी फी नाही. भाड्याच्या घरातून काम करणार असाल तर लाइट बिल कुणाच्या नावावर आहे, हे नोकरी सोडायच्या आधी बघा.

तेवढ्याच निकडीचा कागद म्हणजे करारनामा. ठाण्यातल्या एका वकीलबाईंनी ७,००० रुपयांत मसुदा करून दिला. १०० च्या स्टॅम्प पेपरवर व्हायचा. ऑक्टोबर २०२४ पासून तो ५०० चा झालाय. कायम नोकरीसाठी माझी फी वार्षिक सीटीसीच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा सीटीसी. आपल्याकडे हा आकडा सर्रास चालतो. माणूस ९० दिवसांत सोडून गेला तर बदली माणूस द्यायचा, पैसे परत करायचे नाहीत. मी पाठवलेल्या माणसाला सहा महिन्यांत परस्पर घेतलं तरी फी लागू. शेवटचं कलम वकीलबाईंनी आग्रहाने घातलं, आणि त्यानेच पुढे दोनदा वाचवलं.

ऑक्टोबर ते डिसेंबर चौसष्ट स्टुडिओंना फोन आणि मेल केले. अकरा ठिकाणी प्रत्यक्ष बोलावलं. मालाड, गोरेगाव, अंधेरी, दोनदा पुणे. सकाळी पावणेआठची लोकल धरायची, भेट पाऊण तासाची, आणि परत येताना वहीत लिहायचं: यांच्याकडे पेंट-प्रेपची (चित्रातल्या नको त्या वस्तू पुसणारी) माणसं टिकत नाहीत, त्यांच्याकडे लीड नाही म्हणून ज्युनियर वाया जातायत. त्या वहीतून पुढे निम्मं काम आलं. पण नोव्हेंबरअखेरीस खात्यातून लाखभर गेले होते आणि आवक शून्य. आईला फोनवर “बरं चाललंय” म्हणायचे आणि फोन ठेवून बराच वेळ खिडकीशी बसायचे. ते दिवस येतात. मला आले, तुम्हालाही येतील.

पहिला करार १२ डिसेंबरला, अंधेरी पूर्वेच्या तीस माणसांच्या स्टुडिओशी. पहिला माणूस ६ फेब्रुवारी २०२३ ला रुजू झाला. नागपूरचा कॉम्प आर्टिस्ट, सीटीसी ७ लाख २० हजार. त्याची रील दीड मिनिटाची होती आणि सर्वांत चांगला शॉट शेवटी. मी त्याला तो पहिला घ्यायला लावला, कारण सुपरवायझर वीस सेकंदांनंतर बघत नाहीत. शिवाय कोणत्या शॉटमध्ये नेमकं काय त्याने केलंय हे खाली लिहायला लावलं. जुन्या कंपनीचं अजून प्रदर्शित न झालेल्या मालिकेचं काम त्याने त्यात घातलं होतं, ते काढायला लावलं. गोपनीयतेचा करार मोडलेली रील बघून समोरचा स्टुडिओ पहिला विचार करतो, की हा आमचंही असंच बाहेर नेईल.

आता पैशाचं गणित, कारण हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. कराराप्रमाणे बिल रुजू झाल्यानंतर तीस दिवसांनी, म्हणून ते ८ मार्चचं. फी ६०,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी १०,८००, एकूण ७०,८००. स्टुडिओ फीवर १० टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापून भरायचा आयकर, कापतो, म्हणजे खात्यात ६४,८००. पैसे आले १९ मे ला. पण बिल मार्चचं असल्यामुळे जीएसटीचे १०,८०० मला २२ एप्रिलच्या आत खिशातून भरावे लागले. टीडीएसचे ६,००० विवरणपत्र भरल्यावरच वळते झाले. म्हणजे पहिल्या फोनपासून पहिल्या रुपयापर्यंत साडेसात महिने. सहा महिन्यांची शिल्लक हवी असं सगळे म्हणतात. मी म्हणेन वर्षाची ठेवा.

आणि नेमकं तेव्हाच हॉलिवूड थांबलं. २ मे २०२३ ला तिथल्या लेखकांचा संप सुरू झाला, १४ जुलैला नट-नट्याही उतरले. एक २७ सप्टेंबरला मिटला, दुसरा ९ नोव्हेंबरला. लॉस एंजलिसमध्ये शूटिंग थांबलं की गोरेगावात रोटोला शॉट येत नाहीत, हे जूनपासून दिसायला लागलं. माझ्या सात खुल्या जागांपैकी पाच ‘सध्या थांबवू’ झाल्या. ऑगस्टअखेर खात्यात ८२,००० होते आणि दोन बिलं थकलेली.

तेव्हा मला आधार मिळाला तो मराठीचा. पुण्याच्या एका एजन्सीला मराठी कॉपीरायटर हवा होता. त्यांनी चार महिने शोधलं होतं. येणारा प्रत्येक जण इंग्रजी ओळ घ्यायचा आणि तिचं मराठी करून द्यायचा, आणि ते मराठी वाचवत नसे. मी माझ्या पद्धतीने शोधायचं ठरवलं. रेझ्युमे मागितलेच नाहीत. एकांकिका लिहिणारे, दिवाळी अंकांत विनोदी लिहिणारे, कॉलेजच्या भित्तिपत्रकावर मथळे देणारे असे छत्तीस जण गाठले. प्रत्येकाला एकच काम दिलं: तुमच्या गावातल्या एका खऱ्या दुकानासाठी पाटीवरची एक ओळ लिहा आणि ती तशी का लिहिली ते पाच वाक्यांत सांगा. कऱ्हाडच्या एका मुलीने सायकल दुरुस्तीच्या दुकानासाठी लिहिलेली ओळ वाचून मी खुर्चीतून उठले. ऑक्टोबरमध्ये ती रुजू झाली. जाहिरातीचा कोर्स तिने केलेला नव्हता. त्या एजन्सीने पुढच्या सहा महिन्यांत आणखी दोघांना माझ्याकडून घेतलं, आणि गेल्या वर्षी माझं जवळपास एक तृतीयांश काम मराठी लिहिणाऱ्यांचं होतं. ज्यांना मराठी आणि जाहिरात दोन्हीकडचं कळतं अशांसाठी इथे अजून खूप जागा आहे.

याच काळात दोन क्लायंट मी स्वतः सोडले. एकजण चाचणी म्हणून उमेदवारांकडून पूर्ण कॅम्पेन करून घ्यायचा, आठवड्याचं काम, मोबदला शून्य. दुसरीकडे दोन वर्षांचा बाँड आणि त्यासाठी मूळ गुणपत्रिका ताब्यात घ्यायची पद्धत होती. सांगलीच्या एका मुलाने रडत फोन केला, सरकारी नोकरीच्या पडताळणीला त्याला कागद हवे होते आणि ते मिळत नव्हते. त्या दोघांना पाठवलेली माणसं माझ्या शब्दावर गेली होती, याचं मला अजून वाईट वाटतं. आता कराराला दोन ओळी जोडते: चाचणी चार तासांपेक्षा मोठी असेल तर पैसे द्यायचे, आणि मूळ कागदपत्रं कुणाचीही ठेवायची नाहीत. यावरून आजवर तीन स्टुडिओ निघून गेले.

जानेवारी २०२४ मध्ये एक लाइटिंग लीड सत्तेचाळिसाव्या दिवशी नोकरी सोडून गेला. वडिलांच्या आजारपणासाठी त्याला जळगावला परतायचं होतं. बदलीच्या कलमाप्रमाणे नवा माणूस शोधायला सात आठवडे फुकट काम केलं. मुलाखतीत घरची परिस्थिती विचारणं मला खाजगीत डोकावल्यासारखं वाटायचं. आता विचारते, पण एवढंच: येत्या सहा महिन्यांत मुंबईत राहण्यात काही अडचण दिसते का? लोक मोकळेपणाने सांगतात.

मग मार्च आला. आयकर कायद्याच्या ४३ब मध्ये त्या आर्थिक वर्षापासून नवं कलम लागू झालं होतं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यायचं, आणि मुदत उलटून वर्षअखेरीला थकलेलं असेल तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. ज्या बिलांसाठी मी पाच-पाच महिने फोन करत होते, त्यांतली तीन २६ ते ३० मार्चच्या दरम्यान आली. तेव्हापासून प्रत्येक बिलाच्या वरच्या कोपऱ्यात उद्यम क्रमांक छापते. तेवढं आजच करून ठेवा.

त्या वर्षी आणखी एक मोह झाला. व्हँकुव्हरच्या एका स्टुडिओला भारतातून आठ अनुभवी माणसं हवी होती आणि फी माझ्या दोन वर्षांच्या कमाईएवढी होती. परदेशातल्या नोकरीसाठी इथून भरती करायची तर १९८३ च्या स्थलांतर कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी लागते, लाखांच्या घरातली बँक हमी लागते, आणि नोंदणीशिवाय ते करणं गुन्हा आहे. सीएंना विचारलं, वकीलबाईंना विचारलं, दोघांनी तेच सांगितलं. स्टुडिओला तसं कळवलं आणि त्यांनी थेट जाहिरात द्यावी असं सुचवलं. ओळखीच्या चौघांना मी ती जाहिरात पाठवली, त्यांतला एक गेला. त्याचा निरोपाचा फोन आला तेव्हा आनंदच झाला.

२०२४ च्या पावसाळ्यानंतर कला महाविद्यालयांत जायला लागले. सावर्डे, सावंतवाडी, कोल्हापूर, नागपूर, एकदा पणजी. कुणी बोलावलं तर जाते, मानधन मागत नाही, प्रवासखर्च मिळाला तर घेते. दिवसभर एकेकाचा पोर्टफोलिओ बघायचा, प्रत्येकी पंधरा मिनिटं. मुलं फक्त पूर्ण झालेलं, माउंट केलेलं काम आणतात. मी मागे टाकलेली स्केचबुकं मागते. सावंतवाडीत एका मुलाच्या वहीत दशावतारातल्या राक्षसाची उडी टप्प्याटप्प्याने अठरा चित्रांत काढलेली होती. त्याला ते नुसतं गिरगटणं वाटत होतं. ॲनिमेटर शोधणारा कुठलाही सुपरवायझर ते पान बघून थांबेल, हे त्याला सांगितलं तेव्हा तो माझ्याकडे नुसता बघत राहिला. परत आल्यावर प्रत्येकाला दोन ओळींचा मेल जातो, नकार असला तरी. रविवारी सकाळी तेच करते.

पैशाचं सरळ सांगते. नोकरी सोडताना पगार महिन्याला ५२,००० होता. २०२३-२४ मध्ये वर्षभराची फी ४ लाख १० हजार झाली, म्हणजे पगारापेक्षा कमी, आणि त्यातून खर्च वेगळा. २०२४-२५ मध्ये ८ लाख ६० हजार. खर्च वजा जाता पगाराच्या थोडं वर. मोठ्या भरती पोर्टलचं वर्षाचं सदस्यत्व मी अजून घेतलेलं नाही. आर्टस्टेशन, बिहान्स, विमिओ या काम दाखवायच्या साइट आणि जुन्या सहकाऱ्यांचे फोन, यांवर भागतं. रोटोच्या जागा मला आता पूर्वीपेक्षा कमी येतात. मशीन लर्निंगवर चालणारी साधनं वापरता येतात का, असं स्टुडिओ विचारतात. रोटो करणाऱ्या मुलांना मी कॉम्प किंवा पेंटकडे सरकायला सांगते, आणि कुठून सुरुवात करायची तेही त्यांच्याबरोबर बसून ठरवते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये जगभर पसरलेला व्हीएफएक्स कंपन्यांचा एक मोठा समूह बंद पडला आणि त्याच्या इथल्या शाखांतली माणसं एका आठवड्यात घरी बसली. दोन दिवसांत माझ्या फोनवर एकसष्ट जणांचे मेसेज आले. पगार अडकलेले, घरांचे हप्ते चालू, आणि कामाच्या रील कंपनीच्या सर्व्हरवर राहिलेल्या. मी साधी एक्सेल शीट केली: नाव, विभाग, अनुभव, शहर सोडता येईल का, किती दिवस थांबू शकाल. शेवटचा रकाना विचारताना जीभ अडखळायची, पण त्यावरूनच कुणासाठी आधी फोन करायचा ते ठरलं. ज्यांच्याकडे रील नव्हती त्यांच्याबरोबर संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर बसून प्रदर्शित झालेल्या कामांतले शॉट शोधले आणि कुणी काय केलं ते लिहून काढलं. ज्या छोट्या स्टुडिओंशी करार होता त्यांना शीट पाठवली आणि या यादीतल्या माणसांवर फी लागणार नाही असं कळवलं.

ऑगस्टअखेरपर्यंत त्यांतले बावन्न जण कुठे ना कुठे लागले, काही माझ्यामुळे, बरेचसे स्वतःच्या ओळखीने. नऊ नावं अजून शीटवर आहेत. दर सोमवारी सकाळी दहाला मी त्यांना क्रमाने फोन करते. त्यांतले एक मॅचमूव्हचे लीड आहेत, बावीस वर्षांचा अनुभव, सध्या विरारला मुलांना गणित शिकवतात. गेल्या सोमवारी त्यांनी विचारलं, सर्वेक्षणाची ड्रोन-चित्रं त्रिमितीत बसवणाऱ्या कंपन्या असतात ना, तिथे आमच्यासारख्यांना घेतील का? मी अशा चार कंपन्यांची नावं काढलीयत. दोन पुण्यात आहेत. बुधवारी दुपारी पहिली भेट आहे.